जुनी गाडी तापतेय आणि ऑइल प्रेशरही पडतंय? इंजिन खोलायच्या आधी हे तपासून घ्या

जुन्या गाडीत टेम्परेचरचा काटा वर आणि ऑइल प्रेशरचा काटा खाली गेला की पोटात गोळा येतो, आणि तेवढ्यात बाजूचं कुणीतरी म्हणतंच, इंजिन गेलं, खोलायला लागणार. जरा थांबा. मी बरीच वर्षं जुन्या इंजिनांवर काम करतोय आणि माझं ठाम मत आहे की हे दोन काटे वेगवेगळे वाचायचेच नसतात. इंजिन जास्त तापलं की ऑइल पातळ होतं, ऑइल पातळ झालं की बेअरिंगच्या फटींतून ते भराभर निसटतं आणि प्रेशर पडतं, म्हणजे तक्रारी दोन दिसल्या तरी आजार एकच असू शकतो. आणि उलटंही होतं, हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलं असेल तर पाणी ऑइलमधे जाऊ शकतं आणि बेअरिंगची वाट लागते, पण गाडीवाला बिचारा फक्त पाण्याकडेच बघत बसलेला असतो.

आधी रस्त्यावरचं सांगतो कारण तिथं विचार करायला वेळ नसतो. फक्त टेम्परेचर चढतंय आणि ऑइल प्रेशर ठीक आहे तर हीटर फुल गरमवर करा, ब्लोअर चालू करा (हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे), गाडी बाजूला घ्या, थोडी रेस देऊन काटा खाली येतोय का बघा, आणि येत नसेल किंवा वाफ दिसली तर बंद करा. पण ऑइल प्रेशर शून्यावर आलं किंवा चालत्या गाडीत लाल दिवा लागला तर काही बघत बसायचं नाही, क्लच दाबा, इंजिन बंद, जमेल तशी गाडी कडेला. फक्त एक लक्षात ठेवा, इंजिन बंद झालं की ब्रेक बूस्टरची मदत संपते, त्यामुळे पाय जोरात लागेल. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, कितीही घाई असली तरी नाही. वरचा होसपाइप हाताने आरामात दाबता येईल इतकं गार होऊ द्या. तापलेल्या ब्लॉकमधे गार पाणीही ओतू नका, ओतीव लोखंडाला तडा जातो आणि मग खरंच इंजिन गेलं.

आता निदान. पाना हातात घ्यायच्या आधी वही घ्या. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न "कधी?" हा आहे. नुसतं उभ्या गाडीत, ट्रॅफिकमधे तापते आणि पळायला लागली की काटा खाली येतो, तर हवा कमी पडतेय: फॅन, बेल्ट, रेडिएटरभोवतीचं फॅनचं कवच. शहरात ठीक पण मोठ्या रस्त्यावर तासभर पळवली की तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाहीये, रेडिएटर आतून चोंदलाय, नाहीतर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) किंवा मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण) चुकलंय. स्टार्ट केल्यावर पाच मिनिटांतच तापते तर पाणी कमी आहे, हवा अडकलीय, थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर पाण्याचा रस्ता उघडणारी झडप) बंद राहिलाय किंवा हेड गॅस्केट. आणि बंद केल्यावर दोन मिनिटांनी काटा वर जातो हे बऱ्याचदा नॉर्मल आहे, पाण्याचा पंप आणि फॅन थांबतात, ब्लॉकची उष्णता जागच्या जागी पाण्यात जाते. त्याच्यासाठी रेडिएटर बदललेले लोक मी पाहिलेत, वाईट वाटतं.

नंतर काटा खरं बोलतोय का ते बघायचं, आणि हा टप्पा कधीही गाळायचा नाही. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांमधे डॅशबोर्डमागे एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो जो गेजना सरासरी १० व्होल्ट देतो. त्याचं अर्थिंग खराब झालं की पूर्ण १२-१३ व्होल्ट जातात आणि टेम्परेचर आणि पेट्रोल दोन्ही काटे जास्त दाखवतात. म्हणजे गाडी तापतेय असं दिसतंय आणि अर्धी टाकी असताना पेट्रोल जवळपास फुल दाखवतंय, तर आधी तिथलं अर्थ घासून साफ करा. सेंडरच्या (इंजिनावर बसून गेजला रीडिंग पाठवणाऱ्या सेन्सरच्या) आट्यांना कुणी भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळली असेल तरीही रीडिंग चुकतं कारण सेंडरला ब्लॉकमधून अर्थ मिळतं. खरं तापमान बघायला इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर मारा, पण चकचकीत पितळ किंवा ॲल्युमिनियमवर तो कमी दाखवतो म्हणून तिथं काळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवून त्याच्यावर मारायचा. ८० ते ९५ अंश सेल्सिअसमधे असेल तर बहुतेक जुन्या इंजिनांना ते चालतं, तुमच्या मॅन्युअलचा आकडा मात्र शेवटचा शब्द.

तापमान खरंच जास्त आहे हे ठरलं की गार इंजिनवर सुरुवात करा. पाण्याची लेव्हल, होसपाइप, आणि झाकण. झाकणाकडे कुणी बघतच नाही आणि ती सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. सिस्टिममधलं प्रेशर दर १ पीएसआयला (प्रेशरचं एकक) उकळण्याचा बिंदू साधारण दीड अंशाने वर नेतं, म्हणजे १३ पीएसआयचं झाकण धड असेल तर जवळपास २० अंशांची सूट मिळते आणि त्याचं रबर कडक झालं असेल तर ती सूट गेली, इंजिनात बाकी काही बिघडलेलं नसताना पाणी उकळून बाहेर. प्रेशर टेस्टर मिळाला तर झाकण आणि सिस्टिम दोन्ही तपासा, दहा मिनिटं प्रेशर टिकलं पाहिजे. पण मूळ ७ चं झाकण असेल तर हौसेनं १५ चं लावू नका, जुन्या रेडिएटरचे सोल्डरने डाग दिलेले सांधे आणि हीटरचा कोअर तेवढं सहन करत नाहीत.

मग बेल्ट. ढिला किंवा चकाकी आलेला बेल्ट घसरतो आणि पंप फॅन दोन्ही हळू फिरतात. फॅन उलटा बसवलाय का तेही बघा, हसण्यासारखी गोष्ट नाही, पाती उलट्या बाजूने बसली की हवा निम्मीशिम्मी येते, आणि इलेक्ट्रिक फॅनच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की तो हवा पुढं ढकलतो, म्हणजे गाडी पळताना येणाऱ्या हवेशी भांडतो. कागदाचा तुकडा रेडिएटरसमोर धरा, तो रेडिएटरला चिकटला पाहिजे.

आता इंजिन गरम करून रेडिएटर वाचायचा, थर्मामीटरने वरपासून खालपर्यंत, डावीकडून उजवीकडे. तापमान हळूहळू उतरत गेलं पाहिजे. मधेच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्या चोंदल्यात. आणि हा फरक नीट समजून घ्या: इंजिन तापतंय, आत जाणारं पाणी खूप गरम आणि बाहेर येणारं बरंच गार, म्हणजे रेडिएटर उष्णता काढतोय पण पाणी कमी फिरतंय, थर्मोस्टॅट नाहीतर पंप बघा. इंजिन तापतंय आणि वर खाली जेमतेम फरक, म्हणजे पाणी फिरतंय पण उष्णता बाहेर जात नाहीये, हवा कमी किंवा बाहेरच्या जाळीत माती, किडे, वाकलेल्या पट्ट्या. ही एक गोष्ट कळली तरी निम्मी खटपट वाचते.

थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाणी घालून दोऱ्याने टांगा, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर. ८२ लिहिलेला असेल तर ८२ च्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. नाही उघडला, फेका. पण "थर्मोस्टॅटच काढून टाक, गाडी गार राहील" हा सल्ला कृपा करून ऐकू नका. पुष्कळ इंजिनांत बायपासचा रस्ता असतो, थर्मोस्टॅट उघडताना तो बंद करतो, आणि थर्मोस्टॅटच नसेल तर गरम पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासमधूनच गोल फिरत राहतं. इतर इंजिनांत उलट, इंजिन नेहमी गार चालतं, ऑइलमधला ओलावा उडत नाही, आत चिखल साठतो आणि तोच चिखल उद्या ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो.

खालचा होसपाइप रेस देताना बघा, पंप त्यातून पाणी ओढतो, आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर पाइप चपटा होतो. फक्त मोठ्या स्पीडला तापणाऱ्या गाडीचं हे एक लपलेलं कारण. पंपाच्या शाफ्टला हाताने हलवून बघा, खेळ आला किंवा खालच्या छोट्या भोकातून पाणी ठिबकत असेल तर पंप गेला. कधीकधी बाहेरून सगळं छान आणि आत इंपेलरची पाती गंजून खुंट उरलेले असतात, ते खोलल्याशिवाय कळत नाही.

ब्लॉकमधला गाळ हा जुन्या ओतीव इंजिनांचा खरा दुखणाईत भाग. रेडिएटर नवा, पंप नवा, थर्मोस्टॅट नवा तरी गाडी तापतेच, तेव्हा ब्लॉकचा ड्रेन प्लग काढा. काहीच आलं नाही ना? तारेने टोचा. गंज, क्षार आणि कारखान्यातल्या ओतकामाची रेतीसुद्धा मागच्या सिलेंडरभोवती बसलेली असते कारण तिथं पाणी सगळ्यात हळू फिरतं. रेडिएटर आणि थर्मोस्टॅट वेगळे करून उलट दिशेने पाणी मारायचं, स्वच्छ येईपर्यंत, आणि नंतर क्षार नसलेलं पाणी आणि कूलंट अर्धं-अर्धं भरायचं. भरताना हीटरचा कॉक उघडा, नाक वर करून उभी करा, हवा निघून जाऊ द्या. जुनं कूलंट उघड्यावर सोडू नका, चवीला गोड असतं, कुत्र्या-मांजरांना विष आहे.

पाण्याचं सगळं बरोबर आणि तरी तापते, तर इग्निशन. माझ्या एका मित्राने दोन रेडिएटर बदलले आणि दोष निघाला डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना करंट वाटणाऱ्या भागाच्या) व्हॅक्युम ॲडव्हान्सचा (ठिणगी लवकर पाडणाऱ्या डबीचा) फाटलेला पडदा. टायमिंग मागे पडलं की जळण उशिरा संपतं, उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्ट पोर्ट आणि हेडमधे जाते, आणि ती काढायचं ओझं पाण्यावर येतं. पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या ठिणगीची वेळ साधणाऱ्या स्विचची) टाच झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग आपोआप मागे जातं, म्हणून आधी पॉइंट गॅप आणि मग टायमिंग लाइट, या क्रमाने. पडदा तपासायला नळी तोंडाने ओढा, प्लेट हलली पाहिजे आणि जीभ लावून धरल्यावर तिथंच राहिली पाहिजे. आतली वजनं गंजून अडकलीत का तेही बघा. प्लग पांढरेफटक असतील तर मिक्श्चर लीन आहे (पेट्रोल कमी, हवा जास्त), कुठंतरी हवा ओढली जातेय.

हेड गॅस्केट मी शेवटी ठेवतो, पण काही खुणा दिसल्या तर थेट तिथंच जा. गार इंजिन स्टार्ट केल्यावर मिनिटभरात वरचा होसपाइप दगडासारखा घट्ट होतो, झाकण उघडून चालवलं तर सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, पाणी कमी होतंय पण गळती दिसत नाही. खात्रीसाठी निळ्या द्रवाची टेस्ट मिळते, रेडिएटरच्या तोंडावर धरायची, जळालेला गॅस पाण्यात असेल तर द्रव पिवळा होतो. शेजारशेजारच्या दोन सिलेंडरचं कॉम्प्रेशन एकदम कमी आलं तर त्यांच्यामधली गॅस्केटची भिंत उडालीय. ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरा लोण्यासारखा थर मात्र नुसत्या छोट्या छोट्या फेऱ्यांनीही येतो, त्याच्यावरून निकाल देऊ नका, डिपस्टिकवरही तसंच दिसलं तर मात्र गाडी चालवू नका.

आता ऑइल प्रेशर. ऑइल पंप प्रेशर बनवत नाही, पंप ऑइल ढकलतो आणि पुढच्या फटींत जो अडथळा होतो त्याचं प्रेशर होतं. हे डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं. फटी वाढल्या, ऑइल पातळ झालं, पंप झिजला, पंपाला ऑइल पोचत नाही किंवा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारी झडप) उघडा राहिला, एवढीच कारणं आहेत, आणि सहावं म्हणजे गेज खोटं बोलतंय.

म्हणून इथंही आधी सेंडर काढून त्याच भोकात चांगलं मेकॅनिकल गेज लावा. गाडी अर्धा तास चालवून ऑइल नीट गरम करा (पाणी लवकर गरम होतं, ऑइलला वेळ लागतो) आणि मग आयडलिंगला, २००० ला आणि ३००० आरपीएमला रीडिंग घेऊन वहीत लिहा. जुना ठोकताळा असा की गरम इंजिनला दर १००० आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे जवळपास ०.७ बार. काही गाड्यांना मुळातच याहून कमी असतं आणि त्या मजेत चालतात, तेव्हा मॅन्युअल बघा. लाल दिव्याचा स्विच मात्र बहुतेक ठिकाणी ४ ते ७ पीएसआयलाच विझतो, म्हणजे दिवा विझला याचा अर्थ प्रेशर चांगलं आहे असा अजिबात नाही.

मग डिपस्टिक. लेव्हल कमी असेल तर वळणावर पंप हवा ओढतो आणि काटा झुकतो. जास्त असेल तरी वाईट, क्रँक ऑइल घुसळून फेस करतो. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि लेव्हल आपोआप वाढलेली दिसली तर बहुतेक वेळा मेकॅनिकल फ्युएल पंपाचा डायफ्राम फाटलेला असतो, पेट्रोल चेंबरमधे (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतंय, ते ऑइल ताबडतोब काढा आणि तोपर्यंत स्टार्टही करू नका. आणि आत कुठलं ऑइल आहे ते शोधा. १०० अंशांना ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (घट्टपणाचं माप) असतं आणि ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९, म्हणजे २०डब्ल्यू-५० वर चालणाऱ्या इंजिनात कुणी प्रेमाने ५डब्ल्यू-३० भरलं तर प्रेशर पडणारच, इंजिनाचा काही दोष नाही. उलट प्रेशर वाढवायला मधासारखे घट्ट ॲडिटिव्ह टाकणंही मला पटत नाही, काटा वर येतो पण झीज तिथंच असते आणि निदान मात्र झाकलं जातं.

नवं योग्य ऑइल आणि चांगला फिल्टर टाकून परत तीच रीडिंग घ्या. आता काटा काय सांगतोय ते ऐका. गार असताना भरपूर आणि गरम झाल्यावर आयडलिंगला फारच कमी पण रेस दिली की चढतं, ही फटी वाढल्याची खूण. गारही कमी, गरमही कमी, रेस देऊनही एका आकड्याच्या वर जात नाही, तर रिलीफ व्हॉल्व्ह किंवा पंप. सुरुवातीला छान, मोठ्या स्पीडला थोडा वेळ चालवल्यावर पडतं आणि उभी करून ठेवली की परत येतं, तर पिकअपची (पंपाच्या ऑइल ओढणाऱ्या नळीची) जाळी चोंदलीय, आणि तिथं फार वेळा सापडतं ते गॅस्केटभोवती हात सैल सोडून लावलेलं सिलिकॉन सीलंट. चेंबरला खालून ठोकर बसलीय का तेही बघा, पत्रा आत गेला की पिकअपचं तोंड झाकलं जातं.

रिलीफ व्हॉल्व्ह बऱ्याच इंजिनांत बाहेरूनच निघतो, एका मोठ्या नटाखाली, म्हणून तो आधी. व्हॉल्व्ह साफ करा, बसायच्या जागेवर कचरा किंवा खाच आहे का बघा, स्प्रिंगची लांबी मॅन्युअलशी मोजा. स्प्रिंग ताणून किंवा वॉशर घालून फक्त वरचं प्रेशर वाढतं, आयडलिंगला व्हॉल्व्ह तसाही बंदच असतो, तिथं काडीचाही फरक पडत नाही.

जुना फिल्टर टाकून देऊ नका, कापून बघा, पण हॅकसॉने नाही, त्याचाच बुरा आत पडतो, कटर वापरा. कागद पिळून पसरा आणि लोहचुंबक फिरवा. चिकटणारे कण म्हणजे कॅम, टॅपेट, क्रँक यांचं लोखंड. न चिकटणारे चंदेरी आणि त्यात तांबूस कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर संपून तांबं उघडं पडलंय. सोबत थोडी रेस देऊन सोडल्यावर टकटक येत असेल आणि एकेका प्लगचा करंट तोडल्यावर एखाद्या सिलेंडरला तो आवाज दबत असेल तर त्याचं बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग). चढावर लोडमधे खोल धप-धप म्हणजे मेन बेअरिंग (क्रँकला ब्लॉकमधे धरणारं). (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवलेलं असेल तर प्लगची वायर नुसती लोंबती सोडू नका, अर्थला लावा.)

इथपर्यंत आलात तर चेंबर उतरवायची वेळ झाली. पंपाच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) गिअर किंवा रोटरची फट मोजा, ०.१ मिमीच्या पुढं गेली की बहुतेक पंप थकलेले असतात. बेअरिंगची कॅप काढून प्लास्टिगेजचा (फट मोजायचा मऊ प्लास्टिकचा) धागा ठेवा, कॅप टॉर्कने आवळा, क्रँक अजिबात न फिरवता परत काढा आणि दबलेल्या धाग्याची रुंदी मोजा. ५० मिमीच्या जर्नलला (क्रँकच्या बेअरिंगमधे फिरणाऱ्या भागाला) ०.०५ मिमीच्या आसपास फट ठीक. जर्नल गुळगुळीत आणि गोल असेल तर नुसते शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) बदलून चालतं, नखाला ओरखडा लागत असेल तर क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज शेल, दुसरा मार्ग नाही. आणि सगळे शेल नवे टाकूनही प्रेशर येत नसेल तर कॅमचे बुश आणि रॉकर शाफ्ट बघा, ऑइल तिथूनही तेवढंच निसटतं. जास्त क्षमतेचा पंप बसवून झिजलेलं इंजिन तरुण होत नाही.

दोन्ही तक्रारी एकत्र असतील तर क्रम मोडू नका: दोन्ही गेज तपासायची, डिपस्टिकवर पाणी किंवा पेट्रोल नाही याची खात्री, मग तापणं पूर्ण बरं करायचं, मग नवं ऑइल आणि फिल्टर, आणि तेव्हाच प्रेशर मोजून बेअरिंगबद्दल मत बनवायचं. तापलेल्या इंजिनावर मोजलेलं प्रेशर हे पातळ झालेल्या ऑइलचं प्रेशर असतं, त्याच्यावरून क्रँक उतरवू नका. ऑइलमधे पाणी गेलेलं असेल तर गॅस्केट बदलल्यावर एकदा ऑइल टाकून थोडंसं चालवून गरम-गरमच काढा, परत नवं फिल्टरसकट टाका, आणि जमलं तर एक बिग एंड कॅप उघडून शेल बघाच.

ऑइल पंप उघडला असेल तर बसवताना आत व्हॅसलिन किंवा ऑइल भरा, नाहीतर कोरडा पंप ऑइल उचलत नाही. सगळे प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा मारत राहा, गेजचा काटा हलेपर्यंत, मगच प्लग लावून स्टार्ट करा. नंतर तोच रस्ता, तेवढाच अर्धा तास, आणि थर्मोस्टॅट हाउसिंगचं तापमान आणि तीन आरपीएमची प्रेशरं वहीत जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहून ठेवा, तारीख आणि ऑइलचा ग्रेड टाकून.